जंगलात एकट्याने कायमचे राहायला जाण्याविषयी विचारायचे आहे

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार. हा प्रश्न बरेच महिने मनात आहे. घरात कोणाला विचारण्यासारखा तो नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

माझे वय ३९ आहे. बालपण यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या एका खेड्यात गेले आणि त्यानंतर चौदा वर्षे नागपुरात एका गोदामाचा हिशेब लिहिण्यात गेली. लग्न झालेले नाही. वडील पूर्वीच गेले होते, आई मागच्या वर्षी गेली. वावरातला माझा चार एकरांचा हिस्सा थोरला भाऊ वाहतो आणि त्याबद्दल आमच्यात काहीही वाद नाही. माझा कोणावर रागही नाही. आईच्या तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मी घरामागच्या कडुनिंबाखाली तासभर एकटा बसलो होतो, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला तो त्या तासाभरात. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या जंगलात, वस्तीपासून दूर, पाण्याजवळ खोपडी बांधावी आणि उरलेले आयुष्य तेथेच एकट्याने काढावे. मोबाईल नको, पगार नको, कोणाशी व्यवहार नको.

मोह, चार (चारोळीचे फळ), टेंभरे (तेंदूचे फळ), कंद आणि रानभाज्या यांवर माणूस जगतो असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. अलास्कात असाच एकटा गेलेल्या क्रिस्टोफर मॅकँडलेस या तरुणाविषयी वाचले आहे. तो तेथे मेला हे मला ठाऊक आहे, परंतु तेथे बर्फ असतो आणि आपल्याकडे नसतो, अशी मी स्वतःची समजूत घालतो. कायद्याने हे करता येते का, वर्षभराचे अन्न खरोखर मिळते का, आणि मागे राहणाऱ्यांवर यात अन्याय होतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया केवळ ‘असे करू नका’ एवढेच लिहून थांबू नये.

जुना वनरक्षक

वर्धाकाठ भाऊ, मी चंद्रपूर आणि गोंदिया जिल्ह्यांत ३१ वर्षे वनखात्यात होतो. कायद्याचा भाग थोडक्यात संपतो, म्हणून तो आधी सांगतो. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे, तेथे आग पेटवणे, झाड तोडणे किंवा जमीन साफ करणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. तेथे प्रवेशाची परवानगी संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच मिळते आणि मुक्काम करून राहणे हे त्या कारणांत बसत नाही. जमीन विकत घेऊन राहू म्हणाल, तर तुमच्या नावावर सातबारा असल्यामुळे शेतकरी म्हणून शेतजमीन घेण्यास अडचण येणार नाही. मात्र आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेला तुकडा स्वस्तात मिळतो असे कोणी सांगितले तर त्याच्या नादी लागू नका, कारण पूर्व विदर्भातील झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. एका ऑगस्टमध्ये पावसाळी गस्तीवर असताना नाल्याच्या वरच्या अंगाला आम्हाला निळ्या ताडपत्रीचा तुकडा दिसला. सागाच्या चार फाट्यांवर ताडपत्री ताणून बांधली होती आणि तिच्याखाली चाळिशीचा एक माणूस पडला होता. त्याच्या उशाशी ॲल्युमिनियमचा एक गंज होता आणि त्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आगपेट्या दोन होत्या, पण दोन्हींच्या कडेचा मसाला भिजून बोटाला लागत होता. एक वहीही होती, तिच्यात त्याने रोज एक रेघ ओढली होती. मी त्या मोजल्या, बेचाळीस भरल्या. आरंभीच्या रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ होत्या आणि शेवटच्या सात-आठ एकमेकींवर चढल्या होत्या. त्याला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते.

जवळच्या गावातून सहा जण आले. त्यांनी बाज उलटी केली, दोन्ही अंगांना बांबू बांधले आणि गुडघाभर पाण्यातून त्याला सडकेपर्यंत आणले. त्या सहाही जणांची त्या दिवशी भाताची रोवणी होती आणि ती बुडाली. दवाखान्यात रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला. तो वाचला. मी त्याला तेव्हाही रागावलो नाही आणि आजही त्याला दोष देत नाही, परंतु आम्ही त्या नाल्याच्या दुसऱ्या अंगाने गेलो असतो तर त्याच्या वहीत आणखी दोन रेघाही पडल्या नसत्या.

पाण्याजवळ खोपडी बांधायची असे तुम्ही लिहिले आहे. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नाले आटतात आणि उरलेल्या एखाद्या डोहावर सगळे जंगल येते. तो डोह तुमचा एकट्याचा राहत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वले झाडाखाली असतात, आणि अस्वल समोर आले तर वाघासारखे बाजूला होईल याचा भरवसा नसतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या त्याच भागात जन्मलेल्या होत्या आणि एकट्याही गेल्या नव्हत्या.

झाडीपट्टीतली

मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे आणि माझे माहेर व सासर दोन्ही जंगलाला लागून आहे. अन्नाविषयी मी लिहिते.

दादा, जंगलातले अन्न खरे आहे, पण ते वर्षभर सारखे नसते आणि एकट्याच्या हाताने गोळा होण्यासारखेही नसते. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघावे लागते, ऊन चढेपर्यंत वेचावे लागते, मग अंगणात पसरून वाळवावे लागते, आणि अवकाळी पाऊस आला तर घरातल्या सगळ्यांना धावून ते आत घ्यावे लागते. चार आणि टेंभरे उन्हाळ्यात मिळतात. पाऊस पडला की वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), तरोट्याची भाजी आणि वारुळांवरच्या सात्या (अळंबी) येतात, त्या काही दिवसांच्याच असतात. कडूकंद तर कोणी शिकवल्याशिवाय खाताच येत नाही. त्याच्या पातळ चकत्या करून, उकळून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात, आणि त्यात कसर राहिली तर घसा खाजतो आणि उलट्या होतात. माझ्या सासूबाई अजूनही पहिली चकत स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहतात आणि मगच मुलांना देतात. या सगळ्याच्या जोडीला बांधीतला भात असतो. केवळ रानमेव्यावर वर्ष काढणारे एकही घर मी पाहिलेले नाही.

शिवाय मीठ जंगलात पिकत नाही. आमच्या आजीच्या काळी व्यापारी मापभर मिठाच्या बदल्यात मापभर चारोळी घेऊन जात, आणि आपण नागवले जात आहोत हे कळत असूनही लोक देत, कारण मिठावाचून चालत नसे. रशियातल्या लिकोव्ह कुटुंबाचेही तेच झाले. धर्मासाठी होणाऱ्या छळाला कंटाळून ते १९३६ मध्ये सैबेरियाच्या अरण्यात गेले आणि १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांना सापडले. पाहुण्यांनी आणलेल्या वस्तू ते सुरुवातीला घेत नव्हते, पण मीठ मात्र त्यांनी घेतले. ते कुटुंबाने राहत होते, त्यांना शेती येत होती, आणि तरीही अवेळी बर्फ पडून पीक गेल्यावर मुलांना जगवताना १९६१ साली त्यांची आई उपासमारीने मेली.

तुम्ही अलास्काच्या तरुणाचा दाखला दिला, म्हणून सांगते की त्याला बर्फाने अडवले नाही, नदीने अडवले. एप्रिल १९९२ मध्ये टेक्लानिका नदी सहज ओलांडून तो आत गेला. जुलैमध्ये तो परत निघाला तेव्हा तीच नदी दुथडी वाहत होती, म्हणून तो मागे फिरला, आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने गेला. थोड्याच अंतरावर तारेवरून नदी ओलांडण्याची सोय होती, ती त्याला ठाऊक नव्हती, आणि विचारायला जवळ कोणी नव्हते. आमच्याकडे पर्लकोटा नदी हेच करते. तिच्या पुलावर पाणी चढले की भामरागडची वाट बंद होते, आणि उन्हाळ्यात तुम्ही चपला हातात घेऊन ओलांडलेला नाला श्रावणात तुम्हाला ओळख देत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुम्हाला जे जंगल मोकळे दिसते ते आमच्या दृष्टीने मोकळे नाही. कोणत्या मोहाखाली कोणी वेचायचे हे आमच्या गावात पिढ्यांपासून ठरलेले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो वर्षानुवर्षे ग्रामसभेत बसून, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेऊन मिळवला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगर-आदिवासी कुटुंबाला हक्क हवा असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. तुम्ही तेथे हक्काने राहू शकणार नाही. तुम्हाला राहू दिले तर ते गावाने राहू दिलेले असेल, आणि त्यासाठी आधी गावात येऊन बसावे लागेल, बोलावे लागेल. आमची माणसे पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, परंतु न सांगता आलेल्या माणसाला ती घाबरतात, आणि आमच्या भागाचा इतिहास पाहता त्यांचे घाबरणे चुकीचे नाही.

धाकटी बहीण

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण ते माझ्या घरात घडले आहे. माझा भाऊ अकरा वर्षांपूर्वी ‘मला शोधू नका’ अशी चिठ्ठी ठेवून निघून गेला. तो भला माणूस होता आणि कोणाला दुखवावे असे त्याच्या मनात नव्हते, हे मला आजही मान्य आहे.

आई रोज संध्याकाळी एक भाकर जास्त टाकत असे, आणि सकाळी ती गाईपुढे ठेवत असे. वडील गेल्यावर वारसांचा फेरफार झाला, त्यात भावाचेही नाव चढले, परंतु वाटणीच्या कागदावर त्याची सही कोठून आणायची हा प्रश्न उभा राहिला. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मेला असे कायद्याला गृहीत धरता येते, पण त्यासाठी कोणीतरी न्यायालयात उभे राहून तसे म्हणावे लागते. आईने ते म्हणायला नकार दिला आणि ती तशीच गेली. म्हणायचे माझ्यावर आले. दादा, तुम्ही जा किंवा जाऊ नका, परंतु तुमच्या भावाला ते वाक्य उच्चारायला लावू नका. तुम्ही कोठे आहात हे एका माणसाला तरी ठाऊक असू द्या.

धुऱ्यावरची खोपडी

मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि एकांताच्या बाजूने लिहिणार आहे, कारण वरच्या तिघांचे म्हणणे मान्य करूनही तुमची तहान मला खरी वाटते.

पत्नी गेल्यानंतर मी सातपुड्याच्या पायथ्याशी, मोर्शी तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू वावरात, जंगलाला लागून असलेल्या धुऱ्यावर (बांधावर) खोपडी बांधून दोन वर्षे आणि चार महिने एकटा राहिलो. गाव साडेतीन किलोमीटरवर होते. सोमवारी बाजाराला जायचे, मीठ, तेल आणि आगपेटी आणायची, केस वाढले तर कापून घ्यायचे, आणि उरलेले सहा दिवस कोणाशी बोलायचे नाही, असा माझा नेम होता. घरात असताना मला रडता आले नव्हते. चौथ्या महिन्यात, तुरीला शेंगा धरत होत्या तेव्हा, सकाळी दव पडलेल्या तुरीतून चालताना मांड्यांपर्यंत धोतर भिजले. पत्नी त्याच धुऱ्याने शिदोरी घेऊन येत असे आणि तिचेही लुगडे असेच भिजत असे, हे आठवले, आणि मी तेथेच बसून अर्धा दिवस रडलो. ते गावात झाले नसते. लोक प्रेमाने गोळा झाले असते, पाणी दिले असते, आणि माझे रडणे थांबवले असते.

म्हणून एकांत ही पळवाट आहे असे मी मानणार नाही. आमच्या भागात सालबर्डी आहे, जेथे चक्रधरस्वामींनी एकांतात काळ घालवला अशी महानुभावांची श्रद्धा आहे. अनोळखी प्रदेशात, देशाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य काढावे अशी शिकवण त्या पंथाने साधकाला दिली. परंतु त्याच साधकाला भिक्षेसाठी दिवसातून एकदा गावात जाणे नेमून दिले आहे, आणि ही सांगड मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. याउलट अमेरिकेतील मेन राज्यात क्रिस्टोफर नाइट हा माणूस १९८६ ते २०१३ अशी २७ वर्षे जंगलात एकटा राहिला आणि कोणाशीही बोलायचे नाही हे त्याने जवळजवळ पाळलेही. पण जगण्यासाठी त्याने आसपासच्या घरांत सुमारे एक हजार चोऱ्या केल्या. माणसांकडे तोही जात होता, फक्त मागत नव्हता.

एका रात्रीची गोष्ट सांगतो, ती तुमच्या उपयोगाची आहे. श्रावणातली रात्र होती. कुडाच्या बाजूने काही सरकल्यासारखे वाटले म्हणून टॉर्च लावली, तर मच्छरदाणीच्या काठाला लागून मण्यार चालली होती. निळसर काळे अंग, त्यावर बारीक पांढऱ्या कड्या, आणि घाई अजिबात नाही. मच्छरदाणीचा काठ गोधडीखाली खोचलेला होता म्हणून ती बाहेर राहिली. मण्यार चावलेली पुष्कळदा कळतही नाही. वेदना नसते, सूज नसते, पहाटे पापण्या जड होतात आणि नंतर श्वास अडतो. वेळेवर दवाखान्यात नेऊन प्रतिविष दिले तर माणूस वाचू शकतो, पण नेणारा कोणीतरी असावा लागतो. त्या रात्रीनंतर मी शेजारच्या वावरातल्या सालदाराला सांगून ठेवले की सकाळी माझी खोपडी पाहत जा.

तुम्ही गडचिरोलीला किंवा मेळघाटला का जाता? तुमचे चार एकर आहे. पहिला हंगाम तेथे काढून पाहा.

वर्धाकाठ

सर्वांची उत्तरे तीन-तीन वेळा वाचली. ताई, तुमचे वाचून मी रात्री भावाला फोन केला आणि आईच्या तेरवीपासून मनात असलेले सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की वावरातल्या जुन्या गोठ्याचे पत्रे उडाले आहेत, ते आधी बदलून घ्यावे लागतील. आमचे वावर नाल्याच्या काठी आहे आणि पलीकडे वनखात्याची साग लागवड आहे, तेव्हा एकांत पुरेसा मिळेल. जंगलात कायमचे जाण्याचा विचार मनातून गेला असे मी म्हणणार नाही, पण तूर्तास होळीपर्यंत तेथेच राहायचे ठरवले आहे. काका, कोणत्या महिन्यात राहायला जावे आणि बाज कशी ठेवावी, एवढे सांगावे.

धुऱ्यावरची खोपडी

दिवाळी झाल्यावर जा. कापसाची वेचणी चालू असते, त्यामुळे दिवसा वावरात माणसे असतील आणि दिवस मावळल्यावर कोणी नसेल. पहिल्या महिन्याला तेवढा एकांत पुरे. बाज कुडापासून हातभर अलीकडे ओढून ठेवा, कुडाच्या फटी शेणमातीने लिंपून घ्या, धान्य आणि सरपण झोपायच्या जागेपासून दूर ठेवा, कारण उंदरांमागे साप येतो. मच्छरदाणी डास नसले तरी लावा आणि तिचा काठ चारही बाजूंनी खोचा. टॉर्चचे सेल दोन जोड ठेवा. रानडुकरांसाठी जागल करायला रात्री एकटे बाहेर पडू नका, गेलेली तूर जाऊ द्या. आणि रोज सकाळी, भूक असो वा नसो, चूल पेटवा, आणि भावाला सांगून ठेवा की उन्हे वर आल्यावरही गोठ्यावर धूर दिसला नाही तर त्याने हातातले काम टाकून यावे.